दोन फायलींमधली यमुना

३ जुलै, रोहा

तहसील कचेरीसमोर सभा. कंपनी नाल्यात सोडते त्या पाण्याविरुद्ध आठवं निवेदन. मी चाळीस मिनिटं बोलले. घसा बसलाय, पण बोलणं झालं तसंच व्हायला हवं होतं. "ज्या पाण्यात आमच्या बायका मासे धरतात, त्यात साहेबांनी एकदा पाय घालून दाखवावा," म्हटल्यावर पोरींनी टाळ्या वाजवल्या. दारातला शिपाईसुद्धा हसला.

निवेदनाला यमुनाच्या पायांचा फोटो जोडला. गुडघ्याखाली लाल-जांभळे ठिपके, शेकड्यांनी. साहेबांनी पान उलटलं, मग परत मागे येऊन पुन्हा पाहिला.

यमुना सभेला होती. कुंडलिकेकाठच्या वाडीतली, चौतीस वर्षांची, संघटनेतली सगळ्यात खमकी बाई. दोन वर्षं आतड्याचा आजार घेऊन फिरतेय. घोषणा द्यायला उभी राहिली आणि तिसऱ्या घोषणेला पोट धरून खाली बसली. नवरा किसन शेजारी. म्हणाला, "सकाळी अर्धी भाकर खाल्लीन, तेव्हाच बोललो होतो, नको जाऊ. पण ऐकते कोणाची?"

७ जुलै

यमुनाला घेऊन पेणला, पोटाच्या डॉक्टरांकडे. भला माणूस, कायम घाईत. दुर्बिणीचा नवा रिपोर्ट आलाय. लहान आतड्याच्या शेवटी जखमा तशाच, एका जागी वाट अरुंद झालेली. क्रोन्सच, म्हणाले. शरीराची स्वतःची संरक्षक फौज स्वतःच्याच आतड्यावर उलटते तो आजार. गोळ्यांनी आवरत नाही, तेव्हा अरुंद भाग कापून काढायचा. ऑगस्टचा दुसरा आठवडा.

मागचं सगळं मी पाच मिनिटांत मांडलं. मूळव्याध समजून गेलेले चार महिने. मग टीबी समजून सहा महिने गोळ्या. मग क्रोन्स. स्टेरॉइडनं उतार, कमी केलं की परत रक्त. तारखांसकट. डॉ. म्हणाले, "बाई, असं सांगणारं माणूस प्रत्येक पेशंटला मिळायला हवं." बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण बरं वाटलं हे खरं आहे.

मध्येच य. म्हणाली, "आणि बाई, पायाचा पण सांगा ना..."

मी म्हटलं, "ते वेगळं गो. ते पाण्याचं. त्याची फाईल वेगळी आहे."

तिनं लुगडं पावलांपर्यंत खाली ओढलं.

१० जुलै

ते टीबीचे सहा महिने डोक्यातून जात नाहीत. कातकरी बाई, हाडं निघालेली, म्हणजे टीबीच असणार. शहरातल्या बाईला पहिल्या आठवड्यात दुर्बीण आणि आमच्या बाईला सहा महिने आंधळी गोळी! यावर लेख लिहायचा ठरवला आणि त्यासाठी वाचत बसले. वाचलं ते असं, की आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून जवळपास सारखे दिसतात, आणि आपल्या देशात आधी टीबीचं औषध देऊन पाहणं यात गैर काही नाही. म्हणजे डॉक्टरांवर ओढायला चाबूक उचलला होता, तो हातातच राहिला.

लेख नाही लिहिला. पण त्याच पुस्तकात पुढे एक ओळ होती. आतड्याच्या जखमा रक्तवाहिन्यांच्या सुजेनंही होतात, आणि त्या ओळखणं अवघड. पान उलटलं. आपलं काम क्रोन्सशी होतं.

१५ जुलै

य. माहेरी गेलीय, गागोद्याच्या वरच्या वाडीत. किसन भातलावणीच्या कामावर, घरी तिच्याकडे बघायला कोणी नाही. आईकडे निदान आयतं मिळेल.

दुपारी तिचा फोन. "बाई, पायाला परत आलं."

"पाण्यात गेली होतीस?"

"नाय ओ. आठ दिवस झाले मला इथं येऊन. उंबऱ्याबाहेर पण आई जाऊ देत नाय."

"मग जुनंच असेल ते."

मग म्हणाली, "बाई, गागोद्याला कुठली कंपनी हाय?"

मी म्हटलं बघू. फोन ठेवला. मला कोणी असा प्रश्न सभेत विचारला असता तर मी त्याला तिथल्या तिथे सात उत्तरं दिली असती. इथं खोलीत एकटी होते. उद्याची गागोद्याची एसटी बघितली.

१६ जुलै

पेणहून एसटीनं गागोदे, पुढं चालत. पाऊस तिरका. वाडीत पोचले तर य. पडवीत भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. लुगडं पोटरीपर्यंत वर केलंन. फोटो मी तीनदा काढले होते, पण हात कधी लावला नव्हता. आज लावला. ठिपके हाताला लागतात. भात शिजताना शितं वर येतात तसे. खाली जुने, तपकिरी पडलेले. वर नवे, लाल. घोटे सुजलेले.

तिची आई म्हणाली, "देवीचा नाय, गोवर नाय. मी बगितलाय सगळा. हा काय तरी दुसराच हाय."

म्हातारीनं एका वाक्यात जे केलं ते मी तीन महिन्यांत केलं नाही. काय नाही, ते तिनं आधी पाहिलं.

घोट्यांची सूज म्हणून चौकशी केली, पेणला शनिवारी एक सांधेदुखीच्या डॉक्टर बाहेरून येतात असं कळलं. नंबर लावला.

१९ जुलै, पेण

सगळं जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

डॉ. तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. मी सुरू केलं, "दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात..." त्यांनी हात वर केला. "तुम्ही यांच्या कोण?"

"संघटनेतर्फे. मी यांची..."

"मग जरा थांबता का? मला यांच्याकडून ऐकायचंय."

आयुष्यात माझा माईक दोनदा काढून घेतलाय. दोन्ही वेळा पोलिसांनी.

य. आधी माझ्याकडे बघत राहिली. मग बोलायला लागली. वीस-पंचवीस मिनिटं. डॉक्टर फक्त "मग?" म्हणत होत्या. मला माहीत नसलेल्या गोष्टी एकामागून एक येत गेल्या. जेवलं की अर्ध्या तासात पोट पिळवटतं, म्हणून ती सभेच्या दिवशी उपाशी येते. लघवी कधी कधी कोऱ्या चहासारखी होते, फेस येतो. घोटे इतके दुखतात की सकाळी बसत बसत चुलीपाशी जाते. आणि सगळ्यात शेवटी, अगदी साधेपणानं, "आधी पाय येतात, मग दोन-तीन दिवसांनी पोट. दरवेळी."

"दरवेळी? हे पोटाच्या डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"नाय."

"का?"

"बाई सांगत होत्या ना."

तक्रारीचा सूर नव्हता. तो असता तर सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी काचेची पट्टी घेऊन ठिपक्यांवर दाबली. मला जवळ बोलावून दाखवलं. साधा लाल चट्टा दाबला की पांढरा पडतो. हे पडत नाहीत, कारण रक्त वाहिनीतून बाहेर झिरपलंय. बी.पी. वाढलेलं. लघवी तिथंच तपासली. रक्त आहे, प्रथिनं आहेत.

त्यांचं म्हणणं (समजलं तेवढं): हा कदाचित आतड्याचा आजार नाहीच. बारीक रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार, जो त्वचेत, सांध्यांत, आतड्यात आणि मूत्रपिंडात एकाच वेळी घर करतो. आतड्याला रक्त पुरत नाही म्हणून जेवल्यावर कळ, आणि जखमासुद्धा त्यामुळेच. मी विचारलं, दुर्बिणीतून तुकडा काढला होता, त्यात का नाही दिसलं? म्हणाल्या, दुर्बिणीचा चिमटा वरचा पापुद्रा घेतो, वाहिन्या खोल असतात.

"पण स्टेरॉइडनं बरं वाटत होतं!"

"दोन्ही आजारांत वाटतं. तिथंच सगळे फसतात."

आणि मग, माझ्याकडे बघत, "मी 'कदाचित' म्हटलंय हं. क्रोन्समध्येही सांधे दुखतात, कातडीवर उठतं. दोन्ही एकत्रही असू शकतं. पण लघवी बघता थांबायला वेळ नाही. पोटाच्या मागे लागून मूत्रपिंड गमवायचं नाही आपल्याला."

२० जुलै

रोह्याला, अष्टमी भागातल्या माझ्या घरी, जमिनीवर दोन फायली उघडून बसले. एक निळी, 'यमुना - आतडं'. एक हिरवी, 'नाला - पुरावे'. हिरवीत फोटो, मागे माझ्याच अक्षरात तारखा. ४ एप्रिल. ११ मे. २२ जून. निळीत दवाखान्यात नेल्याच्या चिठ्ठ्या. ६ एप्रिल. १४ मे. २५ जून.

दोन्ही फायली एकाच कपाटात, एकाच फळीवर. मीच लावलेल्या.

बायकांचं शरीर तुकड्यातुकड्यानं बघू नका, यावर मी पेणच्या कॉलेजात तासभर बोलले आहे.

२२ जुलै

पोटाच्या डॉक्टरांकडे परत. आधी भडकले. "सगळ्यांना आता दुर्मिळच आजार हवेत." मग फोटो पाहिले, तारखा पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. म्हणाले, "क्रोन्समध्ये नडगीवर येतात त्या दुखऱ्या गाठी. हे तसं नाही." चष्मा काढला. "मला हे कोणी दाखवलं नाही."

मी म्हटलं, "मी दाखवलं नाही."

ऑपरेशन त्वचेचा तुकडा तपासेपर्यंत थांबवायला कबूल झाले. पण फार नाही थांबता येणार, वाट बंद झाली तर कापावंच लागेल, असंही बजावलं. दोघा डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं.

आता अडचण अशी: तुकडा ताज्या ठिपक्याचा हवा. एक-दोन दिवसांतला. शिळ्यात काही सापडत नाही. य.च्या पायावरचे सगळे आता तपकिरी.

२६ जुलै

वाट पाहतोय. ज्या गोष्टीचा मी निषेध करत होते ती उगवावी म्हणून.

य. परत नदीकाठच्या वाडीत आलीय, दवाखाना जवळ म्हणून. रोज सकाळी शेजारची बायजीआजी येऊन तिचे पाय तपासते. तिला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आंब्याला मोहर आला का बघायचा तसाच ना?" य. हसली, मग पोट धरलं.

३१ जुलै

काही नाही. दुखणं मात्र वाढलंय. स्टेरॉइड वाढवलं तर पोटाला आराम पडेल, पण ठिपके येणारच नाहीत आणि मग कधीच कळणार नाही. सांध्यांच्या डॉ. म्हणाल्या, सोसवत असेल तर चार दिवस आहे तेवढंच चालू ठेवा. उलट्या, काळी शी, पोट दगडासारखं, यातलं काही झालं तर मात्र कसलीही वाट न बघता निघायचं. किसननं हे सगळं तोंडपाठ केलंय. वहीत लिहून देते म्हटलं तर म्हणाला, "वही सापडेपर्यंत ती मरंल, बाई."

य.ला विचारलं, सोसवतंय का गो. म्हणाली, "तुम्ही सांगा."

मी म्हटलं, नाही, हे तू सांगायचं.

तिनं बोटांवर मोजलं, "चार दिस काढीन. पाचवा नाय."

४ ऑगस्ट

सकाळी साडेसहाला किसनचा फोन. आला, म्हणाला, मोहर आला. दोन्ही पोटऱ्यांवर.

सातच्या सुमाराची गाडी. य. खिडकीशी, पाय समोरच्या बाकावर. कासू स्टेशनाला गाडी उभी राहिली. पुढं सिग्नल नाही. दहा मिनिटं, वीस, पस्तीस. समोरच्या बाकावरच्या मावशी दहाव्यांदा तिच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "लांब बसा गो जरा. लागंल कोणाला तरी."

मी तोंड उघडणार होते. य.नं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि मावशींना म्हणाली, "लागत नाय ओ. माझा मलाच लागलाय. तुमच्या टोपलीत काय, वाल हायेत का?" मावशी वरमल्या. पेणपर्यंत वालाच्या भावावर बोलत गेल्या.

पेणला गणपतींचे टेम्पो, रस्ता भरलेला. चालतच गेलो. त्वचेच्या डॉक्टरांनी चिठ्ठी पाहून लगेच आत घेतलं. दोन तुकडे, मसुराएवढे. एक साध्या बाटलीत, एक वेगळ्या पाण्यात, मुंबईला जायला. य. डोळे मिटून पडली होती. टाका घालताना म्हणाली, "सुईबाय, हळू."

संध्याकाळपासून गोळी वाढवली. तिचा पाचवा दिवस यायच्या आत.

१४ ऑगस्ट

रिपोर्ट. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सूज, आणि तिथं जे साचलेलं सापडायला हवं तेच साचलेलं सापडलं. डॉक्टरांनी फोनवर त्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. लहान मुलांत जास्त होतो, मोठ्यांत कमी, पण मोठ्यांत झाला तर मूत्रपिंडावर जास्त जड. ऑपरेशन पुढे ढकललं. मूत्रपिंडाचा तुकडा मुंबईच्या सरकारी इस्पितळात काढायचा.

किती उशीर झालाय, असं विचारलं. "ते आतला तुकडा सांगेल," म्हणाल्या.

वाडीत जाऊन सांगितलं. य.चा पहिला प्रश्न: "मग कापणार नाय?"

"आत्ता नाही."

किसन उठून बाहेर गेला. बराच वेळ नाही आला.

१७ ऑगस्ट

दिलीप आला. संघटना आम्ही दोघांनी उभी केली, तेव्हापासूनचा भांडखोर सोबती. चार दिवसांनी प्रांत अधिकाऱ्यांसमोर नाल्याची सुनावणी. मी म्हटलं, निवेदनातून य.चा फोटो काढायचा.

"वेड लागलंय? तोच एक फोटो आहे जो बघून साहेब लोक खुर्चीत हलतात."

"तो नाल्याचा नाही."

"नाल्याचं पाणी घाण आहे का नाही?"

"आहे."

"मग?"

"मग पाण्याचा रिपोर्ट लाव. तिचे पाय नको."

"गपचूप काढून टाक मग. बोभाटा कशाला?"

"मी तो बोभाट्यानंच लावला होता, दिलीप."

चहा न पिता गेला.

२१ ऑगस्ट

सुनावणी. उभी राहून सांगितलं. निवेदनातलं पान सात मागे घेते. तो फोटो एका आजाराचा आहे, पाण्याचा नाही. मी खात्री न करता लावला.

कंपनीच्या वकिलांनी संधी सोडली नाही. "मग बाकीची पानंही अशीच का, बाई?"

"बाकीची तपासून घ्या. मीही घेतेय."

मागून कोणी टाळी वाजवली नाही. दिलीप खाली बघत होता. पुढची तारीख पडली.

बाहेर वाडीतल्या बायका उभ्या. एकीनं विचारलं, "मग आम्ही नाल्यात उतरायचा का नाय?" मी म्हटलं, नाही, ते पाणी वाईटच आहे. ती म्हणाली, "मग फोटो मागं कशाला घेतलात?"

२ सप्टेंबर, मुंबई

मूत्रपिंडाचा तुकडा काढला. य.ला दिवसभर उताणं पडून राहायचं. वॉर्डात पंख्याचा आवाज. तिनं विचारलं, "बाई, तुम्ही मला कधी बघितलीत पहिल्यांदा?"

मी सांगितलं, रेशनच्या मोर्चात, तू पुढं होतीस.

"त्याच्या आधी. भट्टीवर आला होतात. भाषण केलात. मी विटा वाहत होते. तुम्ही बोललात, ही बघा, हिचे हात बघा. माझे हात वर धरून दाखवलेत सगळ्यांना."

मला आठवत नाही.

"मला बरा वाटला होता तेव्हा," ती म्हणाली. "कोणी धरले नव्हते." आणि मग, "पण नाव नाय विचारलात."

१० सप्टेंबर

मूत्रपिंडात सूज आहे. काही गाळण्या कायमच्या गेल्या, बऱ्याचशा वाचण्यासारख्या. जोरात औषध. स्टेरॉइडचा मोठा डोस, बी.पी.ची गोळी, दर पंधरवड्याला लघवीची तपासणी. सहा महिने आधी आलो असतो तर? डॉ.ना विचारलं नाही. त्या दयाळू आहेत, काहीतरी सांगितलं असतं.

६ ऑक्टोबर

य.चा चेहरा सुजलाय, गाल भरलेत, औषधानं. बायजीआजी म्हणते, "कशी साहेबीण झालीस गो!" ती आरशात बघत नाही. पण जेवते. आज दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी खाल्ली, मिठाची बंदी मोडून. मी ओरडले. किसन म्हणाला, "ओरडा, पण आजच्या दिस नको, बाई."

ठिपके नाहीत. रक्त नाही.

२४ नोव्हेंबर, पेण

पुन्हा दुर्बीण. पोटाच्या डॉक्टरांनी स्वतः पडदा वळवून य.ला दाखवला. जखमा जवळजवळ भरल्यात. अरुंद जागा मात्र तशीच. जुनी जखम भरून आलेला व्रण असेल. किंवा क्रोन्स असेल, औषधाखाली दबलेला. "मी क्रोन्सवर काट मारत नाही अजून," ते म्हणाले. "तुमच्या सांध्यांच्या मॅडम मारायला तयार आहेत. मी नाही." खरं सांगणारा माणूस. मागे मी याला मनात किती शिव्या दिल्या.

कागदावर दोन नावं लिहिली, मध्ये प्रश्नचिन्ह. य.नं ते बोटानं दाखवून विचारलं, हे काय. सांगितलं. म्हणाली, "म्हणजे अजून कोणालाच नाय माहीत."

"नाही."

"तुम्हाला पण नाय?"

"मला पण नाही."

तिनं कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

लघवीत प्रथिनं कमी झालीत, गेलेली नाहीत.

१३ डिसेंबर

दोघा डॉक्टरांचं ठरलं. गोळी महिनोन्‌महिने उतरवत आणली, स्टेरॉइड आता दिवसाला दोन गोळ्यांवर आहे. आजवर दरवेळी गोळी इथपर्यंत उतरायची आणि याच्याखाली गेलं की रक्त सुरू. उद्यापासून दीड. आता कळेल. रक्त आलं आणि पाय, लघवी स्वच्छ राहिली, तर आतडंच. पाय उठले किंवा लघवी बिघडली, तर रक्तवाहिन्या. काहीच नाही आलं तर आणखी खाली. एवढंच हातात आहे, असं सांध्यांच्या डॉ. म्हणाल्या. य.ला म्हणाल्या, मला नाही, यांनाही नाही, तुम्हालाच आधी कळेल. काहीही झालं तर तुम्हीच फोन करा. नंबर तिच्या फोनमध्ये घातला, तिनं स्वतः.

१४ डिसेंबर

सकाळी वाडीत गेले. थंडी. नदीवर धुकं. य. चुलीपाशी बसली होती. पाट, त्यावर विळी, बाजूला गोळ्यांचं पाकीट. एक गोळी अख्खी गिळली. दुसरी विळीच्या पात्यावर धरून मधोमध दाबली. तुकडे अगदी सारखे पडले. एक तोंडात टाकला, पाणी प्याली.

दुसरा तळहातावर धरून बसली.

"हा ठेवू का टाकू, बाई? परत दोन लागल्या तर?"

किसन माझ्याकडे बघत होता. ती पण. मी खाली बसले. त्या अर्ध्या गोळीकडे आम्ही तिघंही बघत राहिलो.